घरचा वाफा

परसबागेचं पत्र शाळेत आलं तेव्हा मी ते वाचलं, सही केली आणि फाईलला लावून टाकलं. प्राथमिक शाळेतल्या बाईला वर्षभरात इतकी पत्रं येतात की सगळी मनावर घेतली तर शिकवायचं कधी? शौचालयाचा फोटो पाठवा, झाडाचा फोटो पाठवा, झाडाजवळ उभ्या राहिलेल्या मुलांचा फोटो पाठवा. त्यात हे आणखी एक. शाळेच्या आवारात भाजीपाला लावा, तो मुलांच्या दुपारच्या जेवणात वापरा आणि कोणत्या भाजीत काय असतं ते त्यांना शिकवा. आमची शाळा कळंबपासून जरा आत, दोन शिक्षकी. चारही बाजूंना टोमॅटो, कांदा, ऊस. जिथली मुलं पेरणी, तोडणी, बाजारभाव यांच्या गप्पा ऐकत मोठी होतात, तिथं आम्ही काय भाजी लावायची, असं मला वाटलं होतं.

मग घोडेगावला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. मी शेवटच्या रांगेत बसून गुपचूप वह्या तपासत होते. शिकवायला आलेल्या मुलीनं मध्येच विचारलं, "तुमच्या वर्गातल्या मुलांनी काल संध्याकाळी काय खाल्लं, हे किती जणांना माहीत आहे?" एकाचाही हात वर झाला नाही. मला तिचा रागच आला. आमच्या निम्म्या वयाची पोर आम्हाला उभं करून प्रश्न विचारते म्हणजे काय! पण शाळेत परत आल्यावर पहिल्याच तासाला मी तोच प्रश्न मुलांना विचारला. चहा-चपाती. भात आणि फरसाण. भाकरी आणि मिरचीचा ठेचा. चहा-बिस्किट. भाजी म्हणणारे हात मोजून पाच-सहा. एका मुलीला मी विचारलं, "अगं, तुमच्या शेतात तर टोमॅटो लगडलेत." ती म्हणाली, "बाई, तो मालाचा हाय. नारायणगावच्या बाजारला जायचा हाय."

मी फाईलमधून ते पत्र बाहेर काढलं.

शाळेच्या मागे दगडगोट्यांची एक पट्टी होती. मुलांनी दगड वेचले, आम्ही वाफे केले, मेथी-पालक टाकला. मी शेतकऱ्याची मुलगी, पण डी.एड.ला गेले तेव्हापासून खुरप्याला हात लावलेला नव्हता. मेथी चार पानांवर आली आणि पिवळी पडून बसली. पालक तर वरच आला नाही. चौथीतल्या मुलानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "बाई, वाफ्याला उतार उलटा दिलाय तुमी." पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी आपलं फळ्यावरच पिकवा. तिथं चांगलं येतंय तुमचं." सगळी पोरं हसली. मीही हसले, पण मला झोंबलं.

त्याच दिवसांत माझे वडील माझ्याकडे राहायला आलेले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आई जाऊन चार महिने झाले होते. पोटाचा कॅन्सर. कळलं तेव्हा हातात काही राहिलेलं नव्हतं. कशानं झालं असं आम्ही पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, असं एक कारण सांगता येत नाही. अण्णांनी ते तेवढ्यावर सोडून दिलं होतं. देवानं नेलं, म्हणायचे. तिच्या हट्टापायी शेवटी एकदा भीमाशंकरला गाडीनं नेऊन आणलं होतं, त्याचं त्यांना समाधान होतं. भाऊ पुण्यात नोकरीला. आमच्या गावची, पिंपरी पेंढारची जमीन वाट्यानं दिलेली. घरात अण्णा एकटे, शेजारची कोणी भाकरी देईल ती खाऊन राहायचे. म्हणून मी त्यांना मंचरला घेऊन आले, आठ दिवसांसाठी असं सांगून.

लेकीच्या घरी बापानं मुक्काम करायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता कोणी पाळत नाही म्हणतात, पण अण्णांच्या अंगात ती मुरलेली होती. माझ्या घरात ते पाहुण्यासारखे वागायचे. एक भाकरी खाल्ली की ताटात हात धुऊन मोकळे. ताट स्वतः विसळून ठेवायचे. सकाळी दूध आणायचे, अंगण झाडायचे, माझ्या नवऱ्याची गाडी पुसायचे. दर शुक्रवारी गावी जायची पिशवी भरून दारात ठेवलेली. माझे मिस्टर म्हणायचे, "अण्णा, तुमचंच घर आहे." अण्णा मान हलवायचे आणि पिशवी तिथंच राहू द्यायचे. बोलणं तर जवळजवळ बंदच झालं होतं. आईशी भांडायची सवय, आता भांडायचं कुणाशी?

एकदा जेवताना मी सहज मेथीचं रडगाणं गायलं. त्यांनी वर बघितलं. "पानी कधी देती?"

"दुपारी. खेळाच्या तासाला मुलं देतात."

"भर उन्हात?" ते म्हणाले. "एवढी शिकली कशाला गं तू?" आणि हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून ते माझ्या स्कूटीच्या मागे बसले.

पुढचे पाच महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले गेले. अण्णांनी ते वाफे मोडून पुन्हा केले. मावशींच्या भांडी धुण्याचं पाणी चर काढून शेवग्याला आणि कढीपत्त्याला नेलं. बी किती खोल टाकायचं ते बोटाच्या पेरांवर दाखवलं. मुलं त्यांच्यामागे रांगेनं फिरायची. शाळेत ते मला मुलांसारखंच 'बाई' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. "बाई, तुमच्या दुसरीनं आज मुळ्याला पानी दिलं न्हाई. छड्या द्या." घरी आलो की पुन्हा 'अगं'. मी पालकातलं लोह शिकवायचे, शेवग्याच्या पाल्यात काय असतं ते शिकवायचे, आणि मागून अण्णा मुलांना हळूच सांगायचे, "ते सगळं बाईंच्या पुस्तकात. आपुन खायाचं, मोठं व्हायाचं."

पहिलीत एक बारीकशी मुलगी होती. खिचडीत हिरवं काही दिसलं की ती बोटांनी उचलून ताटाच्या कडेनं ओळीनं लावून ठेवायची. मी समजावलं, रागावले, चित्रं दाखवली, काही उपयोग झाला नाही. अण्णांनी तिला कुंपणाजवळ घेवड्याचा एक वेल देऊन टाकला. "हा तुझा. याला दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई." ती रोज सकाळी दप्तर टेकवायच्या आधी वेल बघून यायची. पहिल्या शेंगा आल्या तेव्हा तिनं त्या मावशींच्या हातात नेऊन दिल्या आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली, शिजेपर्यंत. त्या दिवशी तिच्या ताटाच्या कडेला काही नव्हतं. अण्णांनी हे मला दोनदा सांगितलं, एकदा शाळेत आणि एकदा घरी, जणू मी तिथं नव्हतेच.

घरी ते दुसरी भाकरी मागून घ्यायला लागले होते. दारातली पिशवी कधी आत गेली ते माझ्या लक्षातही आलं नाही. एकदा भावाशी फोनवर बोलताना मी ऐकलं, ते म्हणत होते, "फुकाट न्हाई खात मी हितं. शाळंत कामाला जातो."

मग तालुक्याची परसबाग स्पर्धा आली. मंगळवारी समिती बघायला येणार होती, आणि आदल्या शुक्रवारी घेवड्यावर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर काळे बारीक किडे, चिकट चिकट. ती पहिलीतली मुलगी रडायला लागली, "माझ्या वेलाला उवा झाल्या." अण्णा खाली बसून पानं उलटी करून बघत होते. "चुलीची राख धुरळली असती तर गेला असता," ते म्हणाले. मावशी म्हणाल्या, "आता गॅस आला शाळंत. राख कुठून आणायची, अण्णा?" मी प्रशिक्षणातलं पुस्तक काढलं आणि साबणाचं पाणी फवारू, सोमवारी बघू, असं सांगितलं. अण्णांनी तोंड वाकडं केलं. शनिवारी ते 'जरा घराकडं जाऊन येतो' म्हणून पिंपरी पेंढारला गेले आणि रविवारी संध्याकाळी परत आले. खुशीत होते. मी काही विचारलं नाही.

सोमवारी आम्ही दोघं शाळेत पोहोचलो. फाटकातच मला वास आला. तो वास मी जन्मापासून ओळखते. टोमॅटोवर औषध मारलं की आमच्या सगळ्या गावाला तोच वास यायचा. मागे धावत गेले तर घेवड्याची पानं स्वच्छ, किडे मरून खाली पडलेले, आणि पडवीत अण्णांचा पाठीवरचा फवारणीचा पंप. रविवारी येता येता ते कळंबला उतरले होते, पंप पाठीवर घेऊन शाळेपर्यंत चालत गेले होते आणि सगळी बाग फवारून मग घरी आले होते.

कुंपणाशी एक मुलगा काहीतरी चघळत होता. मी त्याचं तोंड धरून उघडायला लावलं, त्याला थुंकायला लावलं. चिंचेचा कोवळा पाला होता. तो बिचारा घाबरून रडायला लागला. तेवढ्यात अण्णा मागून आले. "बघ. ऱ्हायला का एक तरी मावा?"

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला ओळखणारे सगळे सांगतील. त्या दिवशी तो थेट डोक्यात गेला. दोन पालक मुलांना सोडायला आलेले होते, मावशी होत्या, सगळी शाळा गोळा झाली होती.

"लहान मुलं खातात हे, अण्णा! कळत नाही तुम्हाला?"

"उद्या सायेब येनार. पोरांचा इरस व्हायला नको म्हनून..."

"घरच्या वाफ्याला मारता का असलं औषध? लोकांची पोरं, म्हणून मारलंत?"

आमच्याकडे बागायतदार शेताच्या कडेला घरच्यासाठी वेगळा वाफा ठेवतात, हे मी धरून चालले होते. मालावर फवारायचं, घरच्या वाफ्यावर नाही. म्हणजे मी माझ्या बापाला सगळ्यांदेखत म्हटलं, की बाजाराचा माल आणि ही मुलं तुम्हाला सारखीच.

मावशी मध्ये पडल्या. "मॅडम, जरा ऐका. त्यांनी बाटली लावलीया की काठीला. सकाळीच बघितली म्या. आज बागंतली काडी घेतली न्हाई."

कुंपणाच्या कोपऱ्यात काठी रोवलेली होती आणि तिच्यावर औषधाची रिकामी बाटली उलटी घातलेली. आल्या आल्या मला ती दिसली होती. कोणीतरी कचरा टाकला असेल असं वाटलं होतं. आमच्या भागात फवारलेल्या शेताच्या बांधावर अशी बाटली लावतात. ती असेपर्यंत तिथलं गवतसुद्धा कोणी कापत नाही, बाया गुरंही सोडत नाहीत. "बाई, आमी कुनीच हात लावला न्हाई," चौथीतला मुलगा म्हणाला. "बाटली हाय ना." पहिलीतल्या त्या मुलीलाही माहीत होतं. ती लांब उभी राहून आपला वेल बघत होती. शाळेत एकटी मीच अशी होते जिला त्या खुणेचा विसर पडला होता.

इथं मी थांबायला हवं होतं. शाळेच्या बागेत विष नको, हे माझं म्हणणं बरोबरच होतं, ते मी हळू आवाजात घरी सांगू शकले असते. पण चूक आपली निघाली की माझा आवाज आणखी चढतो. "काही असू दे," मी म्हटलं. "सगळं उपटून टाका. एक पान ठेवायचं नाही." कुणाला म्हटलं ते स्पष्ट नव्हतं. अण्णांनी पंप बाजूला सरकवला, धोतर खोचलं आणि पहिल्या वाफ्यात उतरले.

मी मुलांना वर्गात घेतलं. शिक्षकाची एक वाईट खोड असते. घरात भांडण झालं तरी त्याचा धडा करायचा. मी फळ्यावर पान काढलं, पोट काढलं, बाण काढले. फवारलेलं विष पानावर कसं राहतं, धुऊनही सगळं कसं जात नाही, थोडं थोडं रोज पोटात गेलं की पुढे पुष्कळ वर्षांनी काय काय होऊ शकतं, ते सांगितलं. 'होऊ शकतं' हा शब्द मी पहिल्या दोन वाक्यांत वापरला, पुढे गाळला. वर्गाच्या मागच्या खिडकीखालीच वाफे होते. वेल उपटल्याचे, मुळं तुटल्याचे आवाज येत होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, कॅन्सर पन?"

"हो," मी म्हणाले. "कॅन्सरसुद्धा."

खिडकीखालचा आवाज थांबला. तो थांबलेला मला ऐकू आला. मला कळलं, आणि तरी मी फळ्याकडे वळून पुढचा बाण काढला.

दुपारी बाग रिकामी होती. कुंपणावरचा तो एक वेलसुद्धा त्यांनी काढला होता. पहिलीतल्या मुलीनं त्या दिवशी दप्तर मांडीवर घेऊन खिचडी खाल्ली. घरी जाताना अण्णा माझ्या मागे पंप मांडीवर आडवा धरून बसले होते. वाटेत मी दोनदा म्हटलं, "अण्णा, मी जरा जास्त बोलले." त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. वाऱ्यात ऐकू आलं नसेल, अशी मी माझी समजूत घातली.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते ओट्यावर बसलेले होते. त्यांनी कप घेतला आणि खाली ठेवला.

"घरचा वाफा येगळा नव्हता आपला," ते म्हणाले.

मला आधी कळेना ते कशाबद्दल बोलतात.

"तू ल्हान व्हती तवा व्हता. मंग टमाट्याला पैका आला, मी कडंचा वाफाबी टमाट्यात घातला. तुझी आई म्हनली, मला मिरच्या-वांग्याला जागा ठिव. मी म्हनलं, सरीच्या कडंनं लाव की. तितंच लावायची ती. औषीद सगळ्यांवरच पडायचं. चार दिस थांब, म्हनायचो मी. ती म्हनायची, धुऊन घेते की. त्याच्यावर तुमी मोठी झाली."

मी म्हटलं, "अण्णा, सगळेच तसं करायचे तेव्हा."

"डरमात औषीद तीच कालवायची," ते पुढे म्हणाले. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. "मी म्हनायचो, काठी घे. तिला लई घाई. कोपरापतोर हात घालून ढवळायची. मी पंप भरून घ्यायचो आन जायाचो फवारायला. म्या एकदाबी तिचा हात धरून भाईर काढला न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्यानंच गेली का गं ती?"

मी त्यांच्याजवळ बसले. "नाही, अण्णा. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, तुमच्यासमोरच. एक कारण सांगता येत नाही. कशानंही होतं. ज्यांनी शेत कधी बघितलं नाही त्यांनाही होतं."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रागानं नाही. मुलं उत्तर तपासून घेतात ना, तसं.

"मंग शाळंत पोरांना खोटं शिकवती का तू?"

याला मी काय उत्तर देणार होते? मुलांना सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि त्यांना सांगितलं तेही खोटं नव्हतं. पण दोन्ही एकाच दिवशी, एकाच तोंडातून आलेलं त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यातलं कुठलं त्यांना दिलासा द्यायला म्हटलेलं आहे, हे त्यांना बरोबर कळलं होतं. अडाणी म्हणवून घेणाऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं, असं फक्त शिकलेल्यांना वाटतं. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं हेच त्यांनी उत्तर धरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीनं ते पिंपरी पेंढारला गेले. मी शाळेत गेले. समिती आली, तिला आम्ही उघडे वाफे दाखवले आणि कीड पडली होती म्हणून सांगितलं. मला एका गोष्टीची लाज अजून वाटते. त्या दिवशी माझ्या मनात अण्णांइतकीच स्पर्धाही होती.

बाग आम्ही पुन्हा लावली. आता मला पाणी कधी द्यायचं ते कळतं, माव्याला चुलीची राख मिळते, कारण मावशी त्यांच्या घरून डबा भरून आणतात. भाजी म्हणणारे हात आता निम्म्या वर्गाचे वर होतात. फवारणीचा पाठ मी दरवर्षी घेते, घ्यायलाच हवा. कुणी कॅन्सरचं विचारलं तर सांगते की डॉक्टरांनाही सगळं कळलेलं नाही, काळजी घ्यायची. ते सांगताना खिडकी बंद करते. बाहेर कोणी नसतं, मला माहीत आहे.

अण्णांना मी किती वेळा आणायला गेले. "हितंच बरा हाय," एवढंच म्हणायचे. भावाचा फोन यायचा, तक्रारीचा. अण्णा वाटेकऱ्याशी भांडले. अण्णांनी फवारणीचा दिवस मोडला. अण्णा लोकांच्या शेतात जाऊन बायकांना बोलतात, लोक हसतात, तू त्यांना समजावून सांग. मी काय समजावणार? मीच समजावलं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी गेले तेव्हा घराला कडी होती. शेजारची बाई हसून म्हणाली, "म्हातारबा गेलं आसतील हात धुवायला." मला काही उमगलं नाही. ओढ्यापलीकडच्या टोमॅटोत फवारणी चालली होती, तिकडं बोट दाखवून ती आत गेली.

बांधावर औषधाचा ड्रम होता. त्या घरची नवी सून, एकोणीस-वीसची असेल, दोन्ही हात पुढे करून वाकली होती. अण्णा हातभर अंतर ठेवून तांब्यानं तिच्या हातांवर पाणी ओतत होते. पायाशी साबणाची वडी, बादली, आणि आणलेले पण तिनं न घातलेले रबराचे हातमोजे. ती पदर दातात धरून हसू दाबत होती. लांबून तिचा नवरा ओरडला, "अण्णा, सोडा की आता. पंप रिकामा झाला माझा." अण्णांनी तिकडं बघितलंही नाही. "आजून," ते तिला म्हणत होते. "नखांत घाल साबन. कोपरापतोर. आजून."

मी जवळ गेले. किती बारीक झाले होते! मनगटाची हाडं वर आली होती. मला बघून त्यांना ना आनंद झाला, ना राग आला. पाहिजे होतं ते माणूस वेळेवर आलं, असं त्यांचं तोंड झालं.

"किती येळा धुतलं म्हंजे सगळं जातं गं?" त्यांनी विचारलं.

"साबणानं दोनदा, अण्णा. चांगलं चोळून." प्रशिक्षणात तेवढंच सांगितलं होतं.

त्यांनी मान डोलावली आणि तिसरा तांब्या भरून घेतला.

"ती तशीच भाकरी थापायला बसायची," ते म्हणाले. "मला भूक लागलेली आसायची ना."